खो मिळेपर्यंत बसून राहणे

ताई, आपली मुलगी तिकडे दहावीत आहे, शाळेच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत क्लॅरिनेट वाजवते, एकटीने वाजवण्याची संधी तिला कधीच मिळत नाही आणि तरीही ती ते सोडायला तयार नाही, असे आपण लिहिले आहे. त्या वेळेत वादविवाद, रोबोटिक्स आणि रुग्णालयातील सेवा अशा तीन गोष्टी बसतील, हा आपला हिशेब मला समजतो; अमेरिकेतील महाविद्यालयांच्या कॉमन ॲप या अर्जात १० उपक्रमांसाठी जागा असते आणि रिकाम्या ओळी आईवडिलांच्या डोळ्यांत खुपतात. तरीही मी मुलीच्या बाजूचा आहे.

वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत मी आठवीपासून खो-खो खेळलो. या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे ८ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. पाठीमागून स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मी चपळ नव्हतो. ९ मिनिटांच्या डावात मला कधीकधी दोनदाच खो मिळे, पण उरलेला वेळ रिकामा नसे, कारण उठल्यावर एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही, आणि म्हणून पळणारा कुठे झुकतो आहे यावर बसल्याबसल्या सतत नजर ठेवावी लागे.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की घरी माणसे अपुरी पडत. एका वर्षी, तालुक्याचे सामने तोंडावर असताना, मी कोणालाही न सांगता तीन दिवस शेतात राहिलो. परतलो तेव्हा माझ्या चौकोनात एक वीट ठेवून सराव चालला होता. कोणी रागावले नाही. ती वीट मलाच उचलून बाजूला ठेवावी लागली, एवढेच. त्या रात्री मी बाबांशी पहिल्यांदा वेळेचा सौदा केला: दवाने ओला असेपर्यंत कापूस वेचत नाहीत, तेव्हा सकाळचा तेवढा वेळ मैदानाचा आणि ऊन चढल्यावरचा शेताचा. (बाबांना खो-खो हा रिकामटेकडा उद्योगच वाटे, आणि शेवटपर्यंत वाटत राहिला.)

म्हणून मुलीला एवढेच विचारा, की ती एखाद्या दिवशी आली नाही तर वाद्यवृंदात नेमके काय अडते. तिने तपशिलात उत्तर दिले, तर तो उपक्रम चालू राहू द्या आणि जोडीला तिच्या आवडीचा फार तर आणखी एक घ्या. अर्जात प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरांचीच मर्यादा असते. त्यात मागच्या रांगेतली चार वर्षे सहज मावतात. झोप किंवा अभ्यास ढासळू लागला, तर मात्र तास कमी करायलाच हवेत. तिथे माझी भीड बाळगू नका.

सुट्टीत गावी याल तेव्हा अमरावती जिल्ह्यातील मोझरीचा गुरुकुंज आश्रम तिला अवश्य दाखवा. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने आपल्याकडे गावोगावी होतात. अशा एखाद्या भजनात तिला टाळ देऊन मागे बसू द्या, आणि घरी पाहुण्यांसमोर एकटीने क्लॅरिनेट वाजवून दाखवण्याचा आग्रह तेवढा धरू नका.