सॅक कोणाच्या नावावर लिहायची?

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात राहणारे आम्ही सहा-सात जण अमेरिकन फुटबॉल नेमाने पाहतो. टेनेसी टायटन्सचे सामने आपल्याकडे बहुधा रविवारी रात्री साडेदहाला सुरू होतात आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेअकराला. २०२५च्या मोसमात या संघाने १७ पैकी ३च सामने जिंकले आणि तेव्हापासून आमच्यात दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कॅम वॉर्ड ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी निवडला गेलेला असला तरी तो चेंडू हातात धरून बसतो आणि सॅक, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले जाणे, ओढवून घेतो. दुसरा तट म्हणतो की, समोरची भिंतच ढासळत असेल तर त्या पोराने काय करावे? माझे सासरे उमेदीच्या वयात ठाण्यात कबड्डी खेळत असत. ते अधूनमधून आमच्यात येऊन बसतात आणि एवढेच म्हणतात, "तुमची साखळी जुळलेली नाही." आपले मत काय?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या सासरेबुवांचे म्हणणे मला दोन्ही तटांपेक्षा अधिक पटते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे क्वार्टरबॅक पडलेला आपल्याला दिसतो, पण तो का पडला हे ज्या चार-पाच हातांच्या टापूत ठरलेले असते तिकडे आपले लक्ष गेलेलेच नसते. शिवाय सॅकची नोंद क्वार्टरबॅकच्या आकडेवारीत झळकते आणि ज्या गार्डच्या हातून माणूस निसटला त्याचे नाव धावफलकावर कुठेच येत नाही.

क्वार्टरबॅकपुढे त्याचे रक्षण करणाऱ्या पाच जणांची रांग असते. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही कडांना टॅकल. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकीसाठी वळला की त्याची पाठ डावीकडे होते, म्हणून डाव्या टॅकलला इतका मान आणि इतका पैसा मिळतो. हे सगळे १३५ किलोंच्या आसपासचे किंवा त्याहून जड गडी असतात आणि ताकदीला त्यांच्यापैकी कोणीच कमी नसतो. प्रश्न येतो तो दोघांमधल्या फटीचा. कबड्डीत कोपरारक्षक कितीही पोलादी असला, तरी शेजारच्या मध्यरक्षकाने हात क्षणभर आधी सोडला तर चढाईपटू नेमका तिथूनच निसटतो. इथेही प्रतिस्पर्धी हीच फट शोधत असतात. त्यांचे दोन बचावपटू मुद्दाम एकमेकांना छेद देऊन धावतात : गार्डसमोरचा बाहेर वळतो आणि टॅकलसमोरचा त्याच्या पाठीमागून आत घुसतो. अशा वेळी गार्डने आपला माणूस टॅकलच्या हवाली करून मागून येणाऱ्याला अंगावर घ्यायचे असते, आणि "हा तुझा, तो माझा" हा व्यवहार एकही शब्द न बोलता, खांद्याच्या नुसत्या हालचालीवरून उरकायचा असतो. दोघेही एकाच माणसाच्या मागे गेले की मधला दरवाजा सताड उघडा पडतो. घरी बसून पाहणाऱ्याला मात्र वाटते की, क्वार्टरबॅक झोपला होता.

ही जुळणी पैसे टाकून लगेच विकत मिळत नाही, आणि टायटन्सबाबत हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण या संघाने रांगेकडे दुर्लक्ष केले असे कोणी म्हणू शकणार नाही. २०२३मध्ये पहिल्या फेरीतला ११वा क्रमांक खर्चून त्यांनी पीटर स्कोरोन्स्कीला घेतले, २०२४मध्ये ७व्या क्रमांकावर जे. सी. लॅथमला घेतले आणि २०२५मध्ये पिट्सबर्गचा डॅन मूर मोठ्या करारावर आणला. माणसे आली, पण शेजार जमायला वेळ लागतो. त्यातच २०११च्या श्रमकरारापासून मोसम सुरू असताना पूर्ण संरक्षक साहित्य चढवून करायचे सराव १४वर आणून ठेवले आहेत. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने ते योग्यच झाले, परंतु रांगेतल्या माणसाला आपली विद्या पळत्या रिसीव्हरसारखी (क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणाऱ्यासारखी) मोकळ्या मैदानात घोटता येत नाही. तिला समोरून अंगावर येणारा माणूसच लागतो.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. २००२मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा नवाकोरा संघ मैदानात उतरला आणि त्यांनी पहिल्याच क्रमांकावर निवडलेल्या डेव्हिड कारच्या वाट्याला त्या एका मोसमात ७६ सॅक आल्या. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. तो तिथे पाच मोसम खेळला आणि त्यांपैकी एकाही मोसमात विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त झाली नाही. मार खाऊन खाऊन क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवरून उतरून रांगेवर खिळते, आणि एकदा ती सवय लागली की पुढे भिंत सुधारली तरी ती जात नाही.

शिकागोच्या केलेब विल्यम्सला २०२४मध्ये ६८ सॅक झाल्या. त्यानंतर संघाने सेंटर आणि दोन्ही गार्ड बदलले. जो थुनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन हे तिघे आले, नवा मुख्य प्रशिक्षक म्हणून बेन जॉन्सन आला आणि २०२५मध्ये त्याच विल्यम्सच्या सॅक निम्म्याहूनही खाली उतरल्या. दुसरा तट हे उदाहरण नक्कीच पुढे करील, पण त्यातही मेख आहे. नव्या प्रशिक्षकाने चेंडू लवकर सोडण्याची शिस्त लावली, त्यामुळे सगळे श्रेय त्या तिघांच्या पदरात घालता येत नाही. उलट टायटन्सने २०२५मध्ये सहा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर मुख्य प्रशिक्षक ब्रायन कॅलहनला मोसम सुरू असतानाच निरोप दिला. पहिल्याच वर्षी, ज्या वयात एकच भाषा नीट शिकायची, त्या वयात वॉर्डला शिकवणारा माणूसच बदलला.

माझे मत विचारता म्हणून सांगतो : क्वार्टरबॅक बदलण्याची मागणी मला उतावळेपणाची वाटते, पण त्याला निर्दोष ठरवणेही मला मान्य नाही. पुढच्या रविवारी आपण एक गोष्ट करून पाहावी. स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देऊन खेळी सुरू केली, की चेंडूकडे पाहू नये. एका खेळीत डाव्या गार्डकडे पाहावे, दुसऱ्या खेळीत उजव्या टॅकलकडे, आणि मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असे मोजावे. "दोन" पूर्ण होण्याआधी कोणी क्वार्टरबॅकच्या अंगावर आला, तर ती सॅक रांगेच्या नावावर लिहावी. "तीन" उलटून गेले आणि चेंडू अजून हातातच असेल, तर ती क्वार्टरबॅकच्या किंवा मोकळे न झालेल्या रिसीव्हरच्या नावावर जाईल. सासरेबुवांनाही मोजायला बसवावे. साखळी कुठे तुटली हे त्यांना आपल्याआधी दिसेल अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : सतत हरणाऱ्या संघाने ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत टॅकल घ्यावा की उत्तम रिसीव्हर? आमच्या घरात यावरून भावाभावांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली आहे.
— एक वाचक, वाशी

उत्तर : हा वाद सिनसिनाटीत २०२१च्या वसंतात अगदी याच शब्दांत रंगला होता. आदल्या नोव्हेंबरात तिथला क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा जायबंदी झाला होता, त्यामुळे टॅकल पेनेई सेवेल घ्यावा असे अनेकांना वाटत होते. संघाने ५व्या क्रमांकावर रिसीव्हर जमार चेस घेतला आणि सेवेल ७व्या क्रमांकावर डेट्रॉईटला गेला. पुढे काय झाले ते दोन्ही भावांना सोयीचे आहे. त्या मोसमात बरोला साखळी फेरीत ५१ सॅक झाल्या, नॅशव्हिलमध्ये टायटन्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तर एकाच दिवशी ९ झाल्या, तरीही सिनसिनाटीने तो सामना १९-१६ असा जिंकला आणि चेसच्या जोरावर सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, गाठला. तिथे बरोला ७ सॅक झाल्या आणि संघ २०-२३ असा हरला. सेवेलही डेट्रॉईटमध्ये अव्वल दर्जाचा टॅकल ठरला. रिसीव्हर तुम्हाला अंतिम सामन्यापर्यंत नेईल आणि तिथे कदाचित टॅकलची उणीव जाणवेल. मला निवड करायची असती तर मीही चेसच घेतला असता, मात्र दुसऱ्या फेरीत रांगेतला माणूस घेतल्याशिवाय उठलो नसतो. आता अबोला सोडायला हरकत नाही.

प्रश्न : तरुण क्वार्टरबॅकला वर्षभर बाकावर बसवून शिकू द्यावे, हे जुने धोरण योग्य नव्हते का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ज्यांना परवडते त्यांनी ते जरूर करावे. ॲरन रॉजर्स ग्रीन बेमध्ये तीन मोसम ब्रेट फार्वच्या मागे थांबला. पॅट्रिक माहोम्सने २०१७चे जवळजवळ पूर्ण वर्ष ॲलेक्स स्मिथला पाहण्यात घालवले. पण हे दोन्ही संघ बऱ्यापैकी जिंकणारे होते आणि त्यांच्याकडे आधीचा भक्कम माणूस होता. पहिला क्रमांक ज्याच्या वाट्याला येतो, तो संघ बहुधा तळाचा असतो. त्याच्याकडे थांबायला वेळही नसतो आणि थांबवायला माणूसही नसतो. त्यात नवख्यांचे मानधन करारानेच ठरलेले असते, त्यामुळे नवखा क्वार्टरबॅक स्वस्तात मिळतो आहे तोवर बाकीचा संघ उभा करावा असा व्यवस्थापनाचा हिशेब असतो.

खेळवून मग बसवणे हा तिसरा मार्गही आहे. कॅरोलायनाच्या ब्राइस यंगला पहिल्या वर्षी ६२ सॅक झाल्या, दुसऱ्या वर्षी दोनच सामन्यांनंतर त्याला बसवले गेले आणि त्याची कारकीर्द संपली असे बहुतेकांनी गृहीत धरले. तो ऑक्टोबर २०२४मध्ये परतला आणि पूर्वीपेक्षा निश्चितच बरा खेळला. परतला तोही कोणा प्रशिक्षकाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर त्याच्या जागी खेळणाऱ्या अँडी डाल्टनचा अंगठा मोटार अपघातात दुखावला म्हणून.