फी भरून इंटर्नशिप घ्यायची की पदरमोड करून फुकट काम करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेवटच्या वर्षाला आहेस, कित्येक महिने इंटर्नशिप शोधतोयस, बहुतेक अर्जांना उत्तरच येत नाही आणि जिथून येतं तिथे आधीचा अनुभव मागतात. आता दोन पर्याय समोर आलेत. एक एजन्सी फी घेऊन घरबसल्या "गॅरंटीड" इंटर्नशिप देतेय, आणि एक खरी कंपनी दुसऱ्या शहरात ३ महिने बिनपगारी ठेवायला तयार आहे. बचत कशावर घालवू आणि कमी पडले तर क्रेडिट कार्ड वापरू का, असं विचारलंयस.

एजन्सीचं आधी उरकते. नको. काम तू करणार आणि पैसे पण तूच देणार, हा कुठला हिशोब? त्यात इंटरव्ह्यू न घेता सिलेक्शन, सीट शुक्रवारपर्यंतच होल्ड, "रिफंडेबल" डिपॉझिट, हे सगळं तुझ्याच मेलमध्ये आहे आणि तरी तू मला विचारतोयस, म्हणजे किती टेकीला आलायस ते कळतंय. सगळ्या एजन्सी फसवतात असं नाही, काही जण खरंच शिकवतात, प्रोजेक्ट करून घेतात, पण मग तो कोर्स झाला, त्याची तुलना दुसऱ्या कोर्सच्या फीशी कर. पुढे इंटरव्ह्यूत तुला विचारणार कोणाच्या हाताखाली काम केलं आणि ते काम पुढे कोणी वापरलं, तिथे सर्टिफिकेट काय बोलणार.

आता बिनपगारीचं बघू. तुझी बचत १०० धरू. राहणं, जेवण, प्रवास मिळून महिन्याला २५, ३ महिन्यांचे ७५, म्हणजे बसतंय असं तू लिहिलंयस. पण अरे, ज्या शिकवण्यांतून महिन्याला १० येतात त्या सोडून जाणार ना? ते ३० तू धरलेच नाहीस. हातातून पैसे जात नाहीत म्हणून हा खर्च दिसत नाही, पण आहे, आणि तो धरला की आकडा १०५ होतो. वर खोलीचं डिपॉझिट द्यावं लागलं तर ते निघेपर्यंत तेवढे पैसे अडकून पडणार, आणि परत आल्यावर नोकरी लगेच लागेलच असं नाही, तेव्हा कशावर काढणार?

कार्डाचं तर नावच काढू नकोस. दरमहा ३ टक्के वाचायला किरकोळ वाटतं पण थकबाकी तशीच राहिली तर चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. पगार सुरू झाला की फेडीन म्हणतोस, पण तो कधी सुरू होणार हेच तर माहीत नाही.

आणि एवढं करून मिळणार काय? अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेजेस अँड एम्प्लॉयर्स ही संस्था विद्यार्थ्यांचे सर्व्हे करते, त्यात पगारी इंटर्नशिप केलेल्यांना बिनपगारीवाल्यांपेक्षा जास्त जॉब ऑफर मिळालेल्या दिसतात. आता पैसे देणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा मुळात भरतीसाठीच इंटर्न घेतात, त्यामुळे सगळं श्रेय पगाराला देऊ नये, पण बिनपगारी केली की नोकरी पक्की हा समज काढून टाक.

तरी मी सरळ नाही म्हणत नाहीये, कारण ही कंपनी खरी आहे, काम तुझ्या विषयाचं आहे आणि शिकवायला नेमलेला माणूस आहे. फक्त आहे तशी ऑफर घेऊ नकोस, मागून बघ. आधी स्टायपेंड माग, नाही म्हणाले तर राहण्याचा किंवा प्रवासाचा खर्च, आणि तेही नाही तर पहिले ६ आठवडे तिथे आणि उरलेलं घरून. तसं जमलं तर राहण्याचे साधारण ३८, बुडालेल्या शिकवण्यांचे १५, मिळून ५३, निम्म्याच्या जवळपास बचत हातात राहते आणि कार्ड लागत नाही. मागायला लाजू नकोस, व्हाइट हाउससुद्धा २०२२ पर्यंत इंटर्नना पगार देत नव्हतं, मग त्या वर्षी द्यायला लागलं. फ्रान्समध्ये तर २ महिन्यांच्या वरच्या इंटर्नशिपला भत्ता द्यावाच लागतो, तुझ्याकडे काय नियम आहे ते कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला विचारून घे.

जे काही ठरेल ते लेखी घे, शिकवण्यांच्या पालकांना ६ आठवड्यांची सुट्टी चालेल का ते आधी विचार, आणि शोध थांबवू नकोस. मोठ्या बँका, कन्सल्टिंग कंपन्यांची भरती बरीच आधी, कधीकधी वर्षभर आधी होते, त्यामुळे तुझे काही अर्ज उशिरा पोचले असतील. लहान कंपन्यांत पोर्टलवर अर्ज टाकण्यापेक्षा ज्याच्या हाताखाली काम करायचं त्यालाच छोटा मेल आणि स्वतः केलेलं एखादं काम पाठव. कंपनी पूर्ण ३ महिने तिथेच राहा आणि एक पैसा देणार नाही यावर अडून बसली, तर तुझ्या आकड्यांत ती बसत नाही, सोडून दे.