हिरड्या, लेसर आणि फ्लॅप सर्जरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय ५२. पायोरिया आहे. मागच्या दाढांभोवती ६-७ मिलिमीटरचे पॉकेट आहेत. एका डॉक्टरांनी फ्लॅप सर्जरी सांगितली, दुसरे म्हणतात लेसरने भागेल. काय करू?

उत्तर: आधी मला सांगा, हिरडीखालचं, मुळांवरचं किटण काढून झालंय का? आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पॉकेट पुन्हा मोजले का? नसतील, तर दोन्ही सल्ले घाईचे आहेत. पॉकेट म्हणजे हिरडी आणि दात यांच्यातली फट; निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. ती ५ पर्यंत गेली असेल तर खोलवरचं स्केलिंग (म्हणजे हेच किटण काढणं) आणि घरची नीट सफाई एवढ्यानेच अनेकदा कमी होते. त्यापुढे मात्र, विशेषतः दाढेच्या मुळांच्या बेचक्यात, अवजार न दिसता फिरवावं लागतं आणि किटण मागे राहतं. फ्लॅप करायचा तो याचसाठी. हिरडी उघडली की मूळ डोळ्यांना दिसतं, हाडात खड्डा असेल तर तिथे भरही घालता येते.

आता लेसर. पुष्कळ दवाखान्यांत असतो तो डायोड लेसर. त्याचा किरण रक्तातल्या रंगद्रव्यात शोषला जातो, त्यामुळे तो सुजलेली हिरडी छान कापतो आणि रक्त थांबवतो. दगडासारखं घट्ट किटण मात्र त्याने निघत नाही, आणि एकाच जागी रेंगाळला तर मूळ आणि हाड तापतं. किटण काढू शकणारा अर्बियम लेसर वेगळा. युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्केलिंगला जोड म्हणून लेसर वापरू नये, असंच सुचवलं आहे. म्हणून ‘लेसर करू’ असं कोणी म्हटलं की विचारा: कोणता लेसर, आणि किटण कशाने काढणार?

प्रश्न: मुलगा कॅलिफोर्नियात असतो. आम्ही तीन महिने तिकडे जाणार आहोत. तिथे ‘लॅनॅप’ करून घे, असं तो म्हणतो.

उत्तर: लॅनॅप ही निओडिमियम-याग लेसरची ठरावीक पद्धत, कॅलिफोर्नियातल्याच दंतवैद्यांनी विकसित केलेली. एफडीएने, म्हणजे अमेरिकेतल्या औषधं-उपकरणांच्या सरकारी नियामक संस्थेने, तिला २००४ मध्ये मान्यता दिली. हिरडी उघडावी लागत नाही, टाके सहसा लागत नाहीत, दुखणं-सूज कमी. पण तिच्यातही किटण अल्ट्रासॉनिक स्केलरनेच, म्हणजे कंपनांनी किटण सोडवणाऱ्या अवजारानेच काढतात! हाड पुन्हा वाढल्याचे पुरावे आहेत, पण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले दात मोजकेच. मला तुमच्या बाबतीत खटकतं ते वेगळंच. उपचारानंतर कित्येक महिने पॉकेट मोजायचे नसतात, चावा पुनःपुन्हा तपासावा लागतो. तीन महिन्यांत परत येणार असाल तर हे सगळं कोण बघणार? इकडच्या हिरडीतज्ज्ञांशी आधी ठरवा, मगच तिकडे खर्च करा.

प्रश्न: मधुमेह आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. लेसर जास्त सुरक्षित का?

उत्तर: रक्त कमी येतं, हा लेसरचा खरा फायदा. पण फ्लॅपही अशा पेशंटमध्ये काळजी घेऊन करता येतो. गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवायचं. साखर आटोक्यात नसेल तर दोन्ही उपचारांत जखम नीट भरत नाही. आणि उलटही खरं आहे: हिरड्या बऱ्या झाल्या की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेतही थोडी घट दिसते.

प्रश्न: आई चाळीस वर्षं मशेरी लावते. साफ केल्याने दात हलतात म्हणून दवाखान्यात यायला तयार नाही. लेसर केलं तर चालेल का?

उत्तर: आईंचा अनुभव खोटा नाही. किटणाचा थर दातांना एकत्र बांधून ठेवतो, तो काढला की दात हलताना जाणवतात. पण हाड त्याआधीच झिजलेलं असतं. हे त्यांना एक्स-रे दाखवून समजावा, रागावून नको. तंबाखू चालू असताना फ्लॅप काय, लेसर काय, यश कमीच, म्हणून मशेरी सोडवणं हाच पहिला उपचार. आणि आज घरीच उजेडात त्यांचं तोंड बघा. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर हिरड्यांचा विषय बाजूला ठेवून आधी ते दाखवायला न्या.