३८ मेल गेले, उत्तर एकही नाही

"मॅडम, उन्हाळ्यात कुठल्यातरी लॅबमध्ये काम मिळावं म्हणून ३८ शास्त्रज्ञांना मेल केले. एकाचंही उत्तर नाही. माझं काही खरं नाही."

रत्नागिरीकडची मुलगी, बी.एस्सी. झूऑलॉजीचं दुसरं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दर फेब्रुवारीत हे मी कुणा ना कुणाकडून ऐकते.

मेल दाखव म्हटलं. 'आपल्या नामांकित प्रयोगशाळेत काम करण्याची मला तीव्र इच्छा आहे.' सगळ्यांना तोच मजकूर, फक्त नाव बदललेलं. मी विचारलं, "तू स्वतः पाहिलंयस आणि पुस्तकात उत्तर सापडलं नाही, असं काही आहे?"

बराच वेळ गप्प. मग घरच्या आंब्याच्या बागेबद्दल बोलू लागली. काही कलमांवर तांबड्या मुंग्या पानं जोडून घरटी करतात, शेजारच्याच कलमावर एकही नसते. असं का? त्या मुंग्या आपल्याच अळ्यांच्या रेशमानं पानं शिवतात, हे सांगताना तिचा आवाजच बदलला.

खरी गाठ आणखी आत होती. मे महिना म्हणजे आंब्याचा हंगाम, घरात माणसं कमी. वडिलांना तिनं विचारलंच नव्हतं. एखादं उत्तर आलं असतं तर काय, याचीच तिला जास्त धास्ती होती, असं मला वाटतं.

त्या वर्षी उशीर झालाच होता, ते मी लपवलं नाही. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात. तिचे अर्ज आदल्या दिवाळीच्या सुमारासच भरावे लागतात, सोबत स्वतःचं छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र. पैसे घेऊन 'रिसर्च इंटर्नशिप'चं सर्टिफिकेट देणाऱ्यांची एक जाहिरातही तिच्याकडे होती. त्या वाटेला जाऊ नकोस, असं मी ठणकावून सांगितलं. फेलोशिपमध्ये पैसे विद्यार्थ्याला मिळतात.

त्या मे महिन्यात ती घरीच राहिली. वीस कलमं, आठवड्यातून दोनदा मोजणी: घरटी किती, फवारणी कधी झाली, फांद्या शेजारच्या झाडाला टेकतात का. शिडी वडील धरायचे.

दिवाळीत अर्ज गेला. मेल या वेळी चारच, प्रत्येकाचा एखादा शोधनिबंध वाचून. अकादमीकडून निवड झाली नाही. पण चारांपैकी एका बाईंनी उलट दोन प्रश्न पाठवले: फवारणी न झालेली कलमं किती होती? रात्री मोजलंस का? रात्री मोजलं नव्हतं, तसंच तिनं कळवलं. सहा आठवड्यांसाठी बोलावणं आलं. वडील स्वतः सोडायला गेले, वसतिगृह बघून आले.

दुसऱ्या आठवड्यात फोन. "मॅडम, नऊ दिवस झाले, पीसीआर करतेय, बँडच येत नाही." (पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. त्या निघाल्या, तर जेलच्या थरावर पट्टा दिसतो, तो बँड.)

"तुझ्या गाइड काय म्हणतात?"

"म्हणतात, त्यांचा पहिला बँड यायला तीन महिने लागले होते." मग घाईघाईनं, "मॅडम, ठेवते हं, जेल लावून आलेय."

फोन ठेवलासुद्धा.