‘घोडदळाचा जनरल’ म्हणजे घोडदळप्रमुख का?

प्रश्न असा आहे : पहिल्या महायुद्धावरच्या मजकुरात जर्मन सेनानी गेओर्ग फॉन डेर मार्विट्झ यांच्या नावाआधी ‘गेनेराल डेर काव्हालेरी’, शब्दशः ‘घोडदळाचा जनरल’, असे येते. त्याला मराठीत ‘घोडदळप्रमुख’ म्हणावे की ‘सरनोबत’?

दोन्ही नकोत. हा हुद्दा आहे, नेमणूक नव्हे. जर्मन सैन्यात गेनेरालमायोर, गेनेराललोयटनंट आणि त्यावर हा हुद्दा अशी चढण होती. या पायरीवर अधिकारी मूळ ज्या शाखेतला, तिचे नाव जोडत : पायदळ, तोफखाना किंवा घोडदळ. तिन्ही हुद्दे समान. सर्वसाधारणपणे या हुद्द्याचा अधिकारी कोअर, म्हणजे काही डिव्हिजनांचा सैन्यगट, सांभाळी, आणि त्या कोअरमध्ये मुख्यतः पायदळच असे.

मार्विट्झ यांची कारकीर्द पाहिली की ‘घोडदळप्रमुख’ कुठे अडतो ते कळते. ऑगस्ट १९१४मध्ये ते खरोखरच घोडदळाच्या कोअरवर होते. १२ ऑगस्टला बेल्जियममधल्या हालेन गावाजवळ त्यांच्या स्वारांनी हल्ले चढवले. बेल्जियन स्वार घोड्यांवरून उतरून कार्बाइन आणि मशीनगन घेऊन दबा धरून बसले होते. कुंपणे आणि खोलगट वाटांमुळे जर्मन घोड्यांना वेगच धरता येईना, आणि हल्ले फसले. पण १९१५च्या हिवाळ्यात मासुरियन सरोवरांच्या लढाईत मार्विट्झ यांच्याकडे ३८वी राखीव कोअर होती, म्हणजे पायदळ. डिसेंबर १९१६पासून ते दुसऱ्या आर्मीचे, म्हणजे अनेक कोअरांच्या फौजेचे, सेनापती. २० नोव्हेंबर १९१७ला फ्रान्समधल्या कांब्रेपाशी ब्रिटिशांचे चारशेहून अधिक रणगाडे चालून आले ते याच आर्मीवर. ३० नोव्हेंबरचा प्रतिहल्ला तिचाच, आणि ८ ऑगस्ट १९१८ला आमियांपुढचा मोठा तडाखाही तिनेच सोसला. या सगळ्या काळात नावाआधी ‘काव्हालेरी’ कायम. तिथे ‘घोडदळप्रमुख’ लिहिले, तर वाचकाला कांब्रेच्या रणगाड्यांसमोर घोडी दिसू लागतील.

दुसऱ्या महायुद्धात हुद्द्याचे नाव आणि प्रत्यक्ष काम यांतले हे अंतर आणखी वाढले. जर्मन अधिकारी झीगफ्रीड वेस्टफाल आफ्रिकेत रोमेल यांच्या मुख्यालयात होते, पुढे केसेलरिंग आणि रुंडश्टेट या फील्ड मार्शलांचे चीफ ऑफ स्टाफ झाले. तेही १९४५मध्ये गेनेराल डेर काव्हालेरीच.

‘सरनोबत’ शब्द देखणा आहे, म्हणून मोह होतो. पण शिवकाळात ती नेमणूक होती. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, आणि अशा साऱ्या घोडदळावर एक सरनोबत. पायदळालाही वेगळा सरनोबत असे. जर्मन सैन्यात मात्र एकाच वेळी अनेक गेनेराल डेर काव्हालेरी असत. ‘रिसाला’ही टाळा, त्याने एखाद्या पथकाचा बोध होतो.

घोडा गेला तरी नाव उरते, हे आपल्याला नवे नाही. १९७१च्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स ही रेजिमेंट सेंच्युरियन रणगाड्यांवर लढली, आणि रिसालदार, दफेदार हे हुद्दे चिलखती दलात आजही आहेत.

खरी अडचण आपल्या षष्ठीची आहे. ‘घोडदळाचा सेनापती’ म्हटले की ‘चा’मधून ताबा ध्वनित होतो. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘घोडदळ शाखेचे जनरल’ लिहावे, पुढे नुसते ‘जनरल मार्विट्झ’ पुरते. त्या वेळी हातात काय होते, कोअर की आर्मी, ते वेगळ्या शब्दांत सांगावे.

आजच्या भारतीय हुद्द्यांशी तुलना करायची असेल तर जपून. गेनेराल डेर काव्हालेरी आपल्या लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा. गेनेराललोयटनंट मात्र, नाव तसे दिसत असले तरी, मेजर जनरलच्या. डिव्हिजन त्याच्याकडे असे. ही एक पायरी चुकली की साऱ्या लढाईतली उतरंड चुकते.

आणि नावातल्या ‘von’चा उच्चार ‘व्हॉन’ नको, ‘फॉन’. सूचीत नाव ‘म’खाली लावावे : मार्विट्झ, गेओर्ग फॉन डेर.