वडिलांचं बीपी आता नॉर्मल येतंय, नाडी ५६-५८ असते, मग मेटोप्रोलॉल बंद केली तर चालेल का?

नाही, अशी मनानं अचानक बंद करू नका. आधी एवढं वाचा, मग बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी ॲटॅक येऊन अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून मेटोप्रोलॉल एक्सएल ५० रोज सकाळी चालू आहे, सोबत शुगरसाठी ग्लिमेपिराइड, आता बीपी ११८/७६ येतं, थकवा फार वाटतो, आणि काका म्हणतायत की बीपी उतरलंय तर गोळी कशाला. मी फार्मासिस्ट आहे, मेडिकल चालवते, डॉक्टर नाही. त्यामुळे डोस किती ठेवायचा ते कार्डिओलॉजिस्टच सांगणार, पण ही गोळी घरी नीट कशी सांभाळायची हे मी रोज काउंटरवर सांगत असते, तेच इथे लिहिते.

काकांना एवढंच सांगा की ११८/७६ हे गोळी चालू असतानाचं बीपी आहे. गोळी घेतल्यामुळे ते तिथे आहे. शिवाय ॲटॅकनंतर ही गोळी नुसत्या बीपीसाठी देत नाहीत, हृदयावरचा ताण कमी राहावा, ठोक्यांची गडबड होऊ नये म्हणून देतात, त्यामुळे बीपीचा आकडा बघून ती बंद करायचा हिशोबच चुकीचा आहे.

अचानक बंद केल्यावर नेमकं काय होतं? आपण घाबरलो, धावलो, चिडलो की शरीरात ॲड्रिनलिन सुटतं आणि ते हृदयावरच्या बीटा रिसेप्टरवर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जागांवर, जाऊन बसलं की ठोके वाढतात. मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी आहे, बीटा ब्लॉकर त्या जागा अडवून ठेवतो. पण शरीर पण गप्प बसत नाही, महिनोन्महिने जागा अडलेल्या राहिल्या की ते नवीन रिसेप्टर तयार करत राहतं. आता एका दिवशी गोळी काढून घेतली की सगळे रिसेप्टर एकदम मोकळे, आणि तेही आधीपेक्षा जास्त, म्हणजे बांध फुटल्यासारखं सगळं ॲड्रिनलिन हृदयावर येतं. नाडी एकदम वाढते, बीपी चढतं, छातीत दुखायला लागतं, आणि ज्यांच्या रक्तवाहिन्यांत आधीच ब्लॉकेज आहेत त्यांना पुन्हा ॲटॅक येऊ शकतो. अमेरिकेत मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारख्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात हा इशारा मुद्दाम छापलेला असतो, एवढी ती गोष्ट गंभीर धरतात. बंद करायचीच ठरली तर डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं डोस उतरवतात आणि त्या दिवसांत दगदग करू नका म्हणतात.

आणि खरं सांगू का, ठरवून गोळी बंद करणारे कमीच असतात, बहुतेकांची गोळी संपते. गावाला गणपतीला गेले, लग्नघर होतं, शेतात सुगी चालू होती, मुलगा शनिवारी येणार मग आणू म्हटलं, आणि मग माणूस काउंटरवर येऊन अगदी सहज सांगतो की ताई आठ दिवस झाले बीपीची गोळी नाही, तशी तब्येत बरी आहे. मला तेव्हा खरंच धस्स होतं. तुमच्या घरी निदान दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची स्ट्रिप आणायची सवय लावा, प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. एखाद दिवशी सकाळची विसरली आणि दुपारी आठवली तर तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशीची वेळच आली असेल तर राहू द्या, दोन एकदम कधीच नाही.

आता स्ट्रिप हातात घ्या. मेटोप्रोलॉल दोन प्रकारची येते, एक सक्सिनेट आणि एक टार्ट्रेट, आणि दोन्ही ५० मध्ये मिळतात, म्हणून गोंधळ होतो. सक्सिनेट हळूहळू दिवसभर सुटते, तिच्या नावापुढे एक्सएल, एक्सआर किंवा ईआर असं काहीतरी असतं, दिवसातून एकदाच घ्यायची. टार्ट्रेट साधी गोळी, तिचा असर काही तासांत उतरतो म्हणून ती बहुतेक वेळा दिवसातून दोनदा, जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच असते. नेहमीचा ब्रँड मिळाला नाही आणि कोणी “हेच आहे, मेटोप्रोलॉल ५०” म्हणून दुसरी स्ट्रिप दिली तर नुसता आकडा बघू नका, पुढची दोन अक्षरं बघा आणि सक्सिनेट लिहिलंय का ते वाचा, नाहीतर सकाळी एक साधी गोळी घेतली आणि रात्रभर हृदयाला काहीच आधार नाही असं होतं. एक्सएल गोळी चावून किंवा कुटून द्यायची नाही, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. मधे रेघ असलेल्या बऱ्याच गोळ्या अर्ध्या करता येतात, पण तुमच्या ब्रँडचं विचारूनच करा.

दुसरी गोष्ट त्याहून लपलेली. बीपीच्या कितीतरी गोळ्या जोडगोळ्या असतात, नावाच्या शेवटी एटी असेल तर आत अम्लोडिपिन या बीपीच्या औषधासोबत बहुतेक ॲटेनोलॉल असतं, म्हणजे तोही बीटा ब्लॉकरच. गावच्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेली एटी गोळी चालूच राहते आणि शहरातल्या डॉक्टरांनी वर मेटोप्रोलॉल लिहिलेली असते, कोणाच्याच लक्षात येत नाही आणि नाडी पंचेचाळिशीत गेलेली असते. आणि डोळ्यांचे थेंब! काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब असतात ते पण बीटा ब्लॉकर आहेत, डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतात, नाडी कमी करू शकतात आणि दम्याच्या माणसाला दम लागू शकतो. डॉक्टर विचारतात काय काय औषधं घेता, तेव्हा थेंब कोणी सांगतच नाही. वडिलांच्या सगळ्या गोळ्या, थेंब, इनहेलर असेल तर तो, सगळं एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा.

५६-५८ नाडीबद्दल. या गोळीवर असलेल्या माणसाची बसून असताना एवढी नाडी असेल, चक्कर नाही, डोळ्यापुढे अंधारी नाही, तर नुसत्या आकड्याला घाबरायचं कारण नाही, बऱ्याचदा डॉक्टरांना तेवढीच हवी असते. पाच मिनिटं शांत बसल्यावर अंगठ्याच्या बुडाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, ठोके अनियमित असतील तर मशीनवर आणि घड्याळावर फार विसंबू नका. ५० च्या खाली सारखी येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. चक्कर येऊन पडणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, नवीन धाप लागणं यातलं काही झालं तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल. पायाला सूज आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं तर ते पाणी साठल्याचं लक्षण असू शकतं, तेही लगेच कळवा. अंथरुणातून उठताना आधी कडेला बसायचं, मग उभं राहायचं.

शुगरचं मात्र तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ग्लिमेपिराइडनं शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि एरवी माणसाला ते कळतं कारण छाती धडधडते, हात थरथरतात. बीटा ब्लॉकर नेमकी हीच दोन लक्षणं दाबतो. घाम मात्र येतो. म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवा की बाबांना विनाकारण दरदरून घाम आला, बोलण्यात गोंधळ वाटला तर आधी शुगर तपासा, ७० च्या खाली असेल तर लगेच ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून, आणि शुद्धीवर नसतील तर तोंडात काही घालू नका. पण घामासोबत छातीत दुखत असेल तर शुगरमध्ये अडकून राहू नका, हॉस्पिटल गाठा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र असे उपास करत असतील तर शुगरच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा, हृदयाची गोळी मात्र उपासाला पण घ्यायचीच, पाण्यानं उपास मोडत नाही.

बाकी औषधांचं थोडक्यात. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करायला फिनाइलेफ्रिनसारखं काहीतरी असतं त्यानं बीपी वाढतं, गुडघ्यासाठी रोज डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेतली तर बीपीच्या गोळीचा असर कमी होतो आणि हृदयाच्या पेशंटला त्या तशाही चांगल्या नाहीत, मनानं घेऊ नयेत. व्हेरापामिल किंवा डिल्टिआझेम या बीपी-हृदयाच्या गोळ्यांपैकी एखादी दुसऱ्या कोणी लिहिली तर मेटोप्रोलॉल चालू असल्याचं तिथेच सांगायचं, दोन्ही मिळून नाडी फार उतरवू शकतात. दमा असेल तर तेही डॉक्टरांना माहीत हवं. दात काढायचा असो की मोतीबिंदू, भूल देणाऱ्यांना गोळी सांगायची, आणि आपण होऊन आदल्या दिवशी बंद करायची नाही. अर्जुनसालीचा काढा कोणी सुचवला तर तो या गोळीच्या जागी चालत नाही.

थकव्याचं मी उडवून लावणार नाही. गोळीनं थकवा येतो, हातपाय गार पडतात, सुरुवातीचे काही आठवडे जास्त. पण दोन वर्षांनी नव्यानं वाढलेला थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, ईसीजी बघायला हवा, सगळं गोळीवर ढकलू नका. पुरुषांना या गोळीनं लैंगिक अडचण पण येऊ शकते आणि बरेच जण त्या लाजेपायी गुपचूप गोळी सोडतात, बायकोला पण सांगत नाहीत, वडिलांना डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्यानं बोलू द्या. डोस कमी करणं, वेळ रात्रीची करणं, नेबिव्होलॉलसारखी दुसरी गोळी देणं, डॉक्टरांकडे बरेच मार्ग असतात.

आणि हो, “ॲटॅकनंतर ही गोळी आता लागतच नाही” असा मेसेज पण फिरतोय, त्यात अर्धं खरं आहे. २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमध्ये झालेला, सुमारे ५,००० पेशंटचा रिड्यूस-एएमआय नावाचा अभ्यास आला, ज्यांच्या हृदयाचं पंपिंग, म्हणजे इकोवर ईएफ, ५० टक्के किंवा वर आहे त्यांना ॲटॅकनंतर बीटा ब्लॉकर सुरू करून मृत्यू किंवा पुन्हा ॲटॅक कमी झाल्याचं दिसलं नाही. पण त्याच वर्षी फ्रान्समधला एबिस नावाचा अभ्यास आला, त्यात आधीपासून गोळी चालू असलेल्या स्थिर पेशंटची गोळी थांबवली, तर थांबवणं तितकंच सुरक्षित आहे असं सिद्ध झालं नाही, हृदयाच्या तक्रारीसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण जास्त निघालं. ईएफ कमी असेल, हृदय कमजोर असेल, तर ही गोळी आयुष्य वाढवते, तिथे प्रश्नच नाही.

म्हणजे “कायम लागेल का, डोस कमी होईल का” हा प्रश्न विचारणं अगदी योग्य आहे, फक्त तो काकांना नाही, कार्डिओलॉजिस्टना विचारा. जाताना शेवटचा इको रिपोर्ट न्या, नसेल किंवा जुना असेल तर नवीन करायचा का ते विचारा, आणि तोवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी आणि नाडी वहीत लिहून ठेवा, थकवा दिवसात कुठल्या वेळी येतो ते पण लिहा. गोळी तोपर्यंत रोजच्या वेळेला चालू ठेवा.