वाचक विचारतात : जपचक्रावरची अक्षरं

गेल्या अंकातल्या काठमांडूवरच्या लेखानंतर वडोदऱ्याहून बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

नेपाळहून आणलेल्या पितळी जपचक्रावर सहा अक्षरं आहेत. कोणी म्हणतं देवनागरी, कोणी म्हणतं तिबेटी. ही लिपी कोणती, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची? — एक वाचक, दांडिया बाजार

सहा सुटी, जाड, चौकोनी बांध्याची अक्षरं असतील तर ती बहुधा रंजना लिपी आहे. तिबेटात हिलाच लांत्सा म्हणतात. तिबेटी अक्षरांनाही वर आडवी रेघ असते, त्यामुळे गफलत होते. पण तिबेटीत उभ्या रेघा खाली निमुळत्या होत जातात, आणि प्रत्येक अवयवानंतर (उच्चाराच्या एका तुकड्यानंतर) वरच्या बाजूला एक टिंब येतं. रंजनात तसं टिंब नसतं आणि दंड खालपर्यंत भरदार राहतो.

मजकूर 'ॐ मणिपद्मे हूँ' असतो: ॐ, म, णि, प, द्मे, हूँ. चक्र गोल असल्याने सुरुवात सापडत नाही, त्याला एक सोपी खूण आहे. दांडा खाली धरा आणि डोक्यावर चंद्रबिंदू असलेली, शेजारी-शेजारी आलेली दोन अक्षरं शोधा. त्यांतलं डावीकडचं हूँ, उजवीकडचं ॐ. वाचन उजवीकडच्यापासून सुरू करा. पडताळा पाचव्या अक्षरावर घ्या: तिथे द वर आणि म त्याच्या पोटाखाली, अशी उभी जोडणी दिसली पाहिजे. चक्र वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की समोरून अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणजे आधी ॐ, मग म, असा मंत्र क्रमाने डोळ्यांपुढून जातो. उलटं फिरवलंत तर हूँ आधी येतो.

मार्गदर्शकाने सगळ्यालाच 'नेवारी लिपी' म्हटलं. ती एक आहे की अनेक? आणि आता कमी का दिसते? — एक वाचिका, कारेलीबाग

अनेक. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार लोकांच्या लिप्यांचं हे एकत्र नाव आहे. सगळ्यांचं मूळ ब्राह्मीत. चांगुनारायणच्या देवळापाशी राजा मानदेवाचा इ.स. ४६४चा स्तंभलेख आहे, तो गुप्तकालीन वळणाचा. पुढे त्यातून भुजिंमोल निघाली. हिच्यात अक्षराचं डोकं गोलसर वळलेलं असतं. अकराव्या शतकाच्या सुमारास रंजना आली, आणि रोजच्या लेखनाला 'प्रचलित' नावाची लिपी. आपल्याकडे ग्रंथाला बाळबोध आणि दप्तराला मोडी अशी वाटणी होती, साधारण तशीच इथेही मानायला हरकत नाही: रंजना धर्मग्रंथ, मंत्र आणि शिलालेखांच्या शोभेसाठी, प्रचलित बाकी कामांसाठी. फरक इतकाच की प्रचलितमध्येही भरपूर ग्रंथ लिहिले गेले.

रंजना नेपाळबाहेरही गेली. बीजिंगजवळच्या ज्यूयोंग खिंडीतल्या दगडी कमानीवर १३४५ सालचे लेख सहा लिप्यांत कोरलेले आहेत, त्यांतली एक हीच.

कमी दिसण्याचं कारण राजकीय आहे. राणा राजवटीने १९०५च्या सुमारास कायद्याच्या आणि सरकारी कामातून नेवारांची भाषा, म्हणजे नेपाल भाषा, काढून टाकली. त्या भाषेत लिहिणाऱ्यांना पुढे तुरुंगही पाहावा लागला. दरम्यान छपाई आली ती देवनागरी खिळ्यांनी. भाषा टिकली, पण तीही देवनागरीतच लिहिली जाऊ लागली.

मराठी माणसाला वर्णमालेतली एक गोष्ट ओळखीची वाटेल. म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह हे ध्वनी आपण म्हैस, न्हाणी, कोल्हा, तऱ्हा यांत सहज उच्चारतो, पण वर्णमालेत त्यांना जागा नाही. नेपाल भाषेत ते आहेत, आणि प्रचलितच्या संगणकीय संचात त्यांना स्वतंत्र अक्षरांचा मान दिला आहे.

नेपाळी पोथीच्या शेवटच्या पानाचं छायाचित्र मिळालं. 'संवत् ५६७ माघ' असं वाचता आलं. हे साल कसं लावायचं? पोथी वाचायला शिकता येईल का? — एक वाचक, रावपुरा

विक्रम संवत धरलात तर इ.स. ५११ येतं, आणि कागदी पोथीला ते शक्यच नाही. हा नेपाळ संवत. त्याची सुरुवात ऑक्टोबर ८७९ मधली, आणि वर्ष बदलतं कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला. म्हणून कार्तिक ते डिसेंबरअखेर ८७९ मिळवा, पुढे ८८०. तुमचा माघ म्हणून ५६७ + ८८० = इ.स. १४४७. पौषातली तिथी असेल तर जानेवारी लागला होता का ते पंचांगावरून तपासावं लागतं.

वडोदऱ्यात आणखी सोपं आहे. गुजराती पंचांगाचं विक्रम वर्षही त्याच दिवशी, बेसतुं वर्षाला, बदलतं. त्यातून ९३६ वजा केले की नेपाळ संवत मिळतो: २०८१ ला ११४५. महिनेही आपल्यासारखे अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे आहेत, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याची अदलाबदल करावी लागत नाही.

शिकताना ओळखीचा मजकूर घ्या. 'साधनमाला' हा बौद्ध साधनांचा, म्हणजे उपासनाविधींचा संग्रह बिनयतोष भट्टाचार्यांनी संपादित केला आणि गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२५ आणि १९२८ साली दोन खंडांत निघाला, तुमच्याच गावातून, नेपाळी पोथ्यांच्या आधारे. छापील देवनागरी पान एका बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला पोथीचं छायाचित्र. कॅम्ब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्याकडच्या बऱ्याच नेपाळी पोथ्यांची छायाचित्रं खुली केली आहेत.

अडखळायला होतं ते ठरावीक ठिकाणी. ब आणि व एकाच आकाराने लिहितात. रेफानंतरचं व्यंजन दुप्पट होतं: धर्म्म, सर्व्व. श आणि स यांची सरमिसळ असते. ही चूक नव्हे, लेखनाची सवय आहे. तुमच्या नकलेत ती जशीच्या तशी ठेवा, दुरुस्ती समासात करा. जुन्या पोथ्यांत एकाराची मात्रा डोक्यावर न येता अक्षराच्या डाव्या बाजूला उभ्या रेघेसारखी येते. जैन पोथ्यांतली पडीमात्रा पाहिलेल्यांना ती लगेच कळेल. बाकीचे तिला आधीच्या अक्षराचा काना समजून फसतात. प्रचलितमध्ये ग, ञ, ठ, ण, थ, ध, श या सात अक्षरांना काही मात्रा निराळ्या ढंगाने लागतात. ही सात आधी वेगळी घोटून घ्या, निम्मा त्रास तिथेच मिटतो.

घराच्या पाटीवर आडनाव रंजनात, एकावर एक अक्षरं रचून हवं आहे. छापखान्यात दिलं तर देवनागरीच उमटलं! — एक वाचिका, मांजलपूर

छापखान्याचा दोष नाही. २०१६मध्ये युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण संचाच्या, नवव्या आवृत्तीत 'नेवा' नावाने आली ती प्रचलित. तिच्यासाठी नोटो सान्स नेवा हा फॉण्ट फुकट मिळतो. रंजनाचे बरेच फॉण्ट मात्र देवनागरीच्या जागांवर रंजनाचे आकार बसवून केलेले असतात. तुमच्या संगणकावर रंजना दिसते. समोरच्याकडे तो फॉण्ट नसला की खालची देवनागरी उघडी पडते. म्हणून फाइल पाठवण्याआधी अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करा, किंवा फॉण्ट आत घालून पीडीएफ करा. पाठवायच्या आधी ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी.

रचलेल्या अक्षरांना कूटाक्षर म्हणतात. वाचन वरून खाली. डोक्यावरची पट्टी फक्त सर्वांत वरच्या अक्षराला ठेवतात. धोका असा की मात्रा गाळल्या तर रचना जोडाक्षरासारखी वाचली जाते: द वर आणि म त्याखाली ठेवलात तर जाणकार 'द्म' वाचेल, 'दम' नव्हे. प्रत्येक मात्रा तिच्या अक्षराला चिकटूनच हवी. आमच्या मते तीन-चार अक्षरांपर्यंत कूटाक्षर शोभतं. कुलकर्णी ठीक, पण चित्पावनी लांबलचक आडनावं आडवीच लिहावीत. कारागिराला नमुना देताना वरची बाजू बाण काढून दाखवा. लिपी ओळखीची नसली की पाटी उलटी बसवली जाते.